मिठातली शिडी

मुरलीकृष्ण खुर्चीवर टेकला आणि म्हणाला, चूक वरुणरावांचीच. पाय नीट टाकला असता तर पडले नसते.

वरुणराव खुब्याचं हाड मोडून घरी पलंगावर पडला होता. ओरत्तनाडु रस्त्यावरच्या लोणच्याच्या कारखान्यात शिडीवर चढून खाऱ्या पाण्याच्या टाक्यांतली लिंबं ढवळायची, हे त्याचं काम. मुरलीकृष्ण तिथला मॅनेजर. वरुणरावाची धाकटी बहीण अखिला तंजावूरच्या कॉलेजात धातूंचं गंजणं शिकवायची. तो पडला त्या शिडीची तुटकी पायरी तिनं मागवून घेतली होती. ती तिनं मॅनेजरच्या मांडीवरच ठेवली. वर पांढरी भुकटी, टाचणीच्या डोक्याएवढी भोकं. आतून धातू पार पोखरलेला.

"ॲल्युमिनियम गंजत नाही, मॅडम. ओरखडा पडला तरी वरचा पापुद्रा आपोआप पुन्हा धरतो."

"साध्या हवेत धरतो. मिठात ती भोकं बुजत नाहीत, आत आत जातात. बाकीच्या शिड्या बदलल्या?"

त्यानं वरुणरावाकडे पाहिलं. वरुणराव घाईघाईनं म्हणाला, माझाच पाय घसरला.

मॅनेजर गेल्यावर तो बहिणीला म्हणाला, "तूं कांही बोलूं नको, अखिला. बरा झालों की मला तिथंच जायाचं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी अखिला कारखान्यात गेली. टाकीला तशीच दुसरी शिडी लावलेली, वर एक बाई ढवळत होती. अखिलानं तिला खाली बोलावलं, शिडी आडवी केली आणि किल्लीनं पायरी खरवडली. किल्लीचं टोक आत गेलं. तिचं डोकं फिरलं. कोपऱ्यातल्या बाकावरची करवत उचलून ती पायऱ्या कापू लागली.

मुरलीकृष्ण धावत आला. पोलिसांना बोलावतो म्हणाला.

"बोलवा," ती म्हणाली. "ते येईतो उरलेल्याही कापते."

कामावरच्या बायका हात थांबवून बघत राहिल्या. अडवायला कुणी पुढं आलं नाही.

कारखान्यात नव्या शिड्या आल्या. वरुणरावानं परत यायची गरज नाही, असा निरोपही आला. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. बहिणीशी बोलणं त्यानं टाकलं. तिनंही माफी मागितली नाही.

डॉक्टरांनी उभं करायला सांगितलं त्या दिवशी त्यानं तिचा हात झिडकारला. ती पलंगाशी खांदा पुढे करून नुसती उभी राहिली. बऱ्याच वेळानं, तोंड फिरवूनच, त्यानं तिचा खांदा धरला. पकडीत उठायला लागतो त्याहून जास्त जोर होता. बोटं रुतत होती. ती हलली नाही.