काटेरावांचा डावा हात

बंद पडलेली वस्तू समोर आली की घड्याळजी ती सुधारत. चांगली चाललेली वस्तू आली की ती आधी उघडत आणि मग सुधारत. घरातला पंखा उघडून झाला होता, मिक्सर उघडून झाला होता, दारावरची घंटा तर दोनदा उघडली होती आणि तेव्हापासून ती कोणी न दाबताही वाजायची. अशा माणसाच्या हवाली लेकीने आपला विंचू केला.

विंचू म्हणजे खराखुरा, वाळवंटातला. वयाने लहान, करंगळीच्या नखाएवढा, पिवळसर आणि दिवसभर दगडाखाली दडी मारून बसणारा. लेकीला नोकरीसाठी दोन वर्षं परदेशी जायचं होतं. खरं तर तिची एक मैत्रीण प्राण्यांची डॉक्टर होती आणि विंचू तिच्याकडेच जायचा होता. पण घड्याळजी मध्ये पडले. "घरचं पोर घरात राहू दे," म्हणाले. लेकीने वडिलांकडे नीट निरखून पाहिलं आणि काचेच्या पेटीवर कागद चिकटवला. आठवड्याला एक छोटा रातकिडा. पंधरा दिवसांनी पाण्याचे चार थेंब. बाकी काही करायचं नाही. शेवटच्या ओळीखाली तिने तीन रेघा मारल्या.

"आणि कधी तो कात टाकायला लागला," ती निघताना म्हणाली, "तर लांब बसायचं. हात लावायचा नाही. कळलं ना बाबा?"

"अगं, मी काय लहान आहे का?"

"तुम्ही लहान असता तर सांगावंच लागलं नसतं," बायको आतून म्हणाली.

घड्याळजींनी विंचवाचं नाव काटेराव ठेवलं. बायको त्याला जावईबापू म्हणायची, कारण तो कोपऱ्यात बसून असायचा, वेळच्या वेळी जेवायचा आणि त्याला कोणी काही बोलू शकत नव्हतं. त्याच्या पुढच्या दोन चिमट्यांना मात्र दोघंही हातच म्हणत.

आता घड्याळजींना विंचवाचा एवढा पुळका का, तर त्याचं कारण वेगळंच होतं. लेक मोठी झाली तसं बापलेकींचं बोलणं आटत गेलं होतं. फोन आला तरी "बरे आहात ना? आईला द्या," एवढंच. भांडण म्हणावं तर तेही नव्हतं. काटेराव आले आणि दर रविवारी व्हिडिओ फोन थेट घड्याळजींच्या नंबरवर यायला लागला. किडा कसा पकडला, दगडाखालून कधी निघाला, नांगी कशी वळवली. अर्धा अर्धा तास! घड्याळजी शनिवारपासूनच फोन जवळ घेऊन बसत. काटेरावांवर ते डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवत, ते काही निव्वळ काटेरावांसाठी नव्हतं.

चौथ्या महिन्यात काटेरावांनी खाणं सोडलं. एका मंगळवारी सकाळी घड्याळजी चहा घेऊन पेटीपाशी आले, तर स्वारी कात टाकायला लागलेली. पुढून शिवण उसवावी तशी जुनी कातडी सुटली होती आणि आतून पांढुरकं नवं अंग हळूहळू बाहेर येत होतं. घड्याळजी खुर्ची ओढून लांब बसले. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. चहा निवला. पाऊण तासाने उजवा हात बाहेर आला. डावा काही येईना.

तो अडकला होता. निदान घड्याळजींना तरी अडकल्यासारखा दिसला. अडकलेलं चाक तसंच ठेवलं की शेजारचे दातेही जातात, हे घड्याळदुरुस्तीच्या दुकानात तीस वर्षं त्यांनी पाहिलं होतं. हात शिवशिवायला लागले. अजून दहा मिनिटं कशीबशी काढली. मग त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, बारीक चिमटा उचलला आणि जुन्या कातडीचं टोक धरून किंचित, अगदी किंचित ओढलं.

हात सुटला. पण नवं अंग ओल्या कणकेइतकं मऊ होतं. बाहेर आला तो हात बाहेरच्या बाजूला मुरडला आणि तसाच राहिला. उरलेलं सगळं अंग काटेरावांनी पुढच्या अर्ध्या तासात आपलं आपण सोडवलं, कोणाच्या मदतीशिवाय.

"काय केलंत?" बायकोने विचारलं.

"काही नाही."

"मग भिंग कशाला लावलंय?"

घड्याळजींनी भिंग काढून खिशात घातलं. त्या दिवशी ते दुकानात गेले आणि एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाचे काटे उलटसुलट बसवून आले.

रविवारी फोन आला तेव्हा त्यांनी पेटी अशी फिरवून ठेवली होती, की डावा हात बरोबर दगडाआड जावा. "टाकली कात. एकदम व्यवस्थित," ते म्हणाले. लेक इतकी खूश झाली, की तिने दोनदा टाळ्या वाजवल्या. "बाबा, मला वाटलं होतं तुमच्याने राहवणार नाही!" घड्याळजी कसेबसे हसले. फोन ठेवल्यावर बायको एवढंच म्हणाली, "पोरीला फसवताय." सांगावं तर काटेराव डॉक्टरणीकडे जाणार आणि त्यांच्याबरोबर रविवारही जाणार. नाही सांगावं तर पेटीकडे बघवेना.

बुधवारी काटेरावांना नव्या अंगाने पहिली भूक लागली. रातकिडा समोर आला, उजव्या हाताने धरला आणि डावा मिटेना म्हणून निसटला. तीनदा निसटला. शेवटी घड्याळजींनी रातकिडा लांब चिमट्यात धरला, काटेरावांच्या उजव्या हातापाशी नेला आणि श्वास रोखून उभे राहिले. दंड भरून आला. विसाव्या मिनिटाला काटेरावांनी घास घेतला आणि घड्याळजींना एकदम रडू आलं. चूक आपली आणि भोगतोय तो, हे त्यांना सहन होईना.

पुढच्या रविवारी त्यांनी पेटी फिरवली नाही.

"बाबा, त्याच्या हाताला काय झालंय?"

"मी ओढला. मला वाटलं, अडकलाय. चुकलं माझं. आणि मागच्या रविवारी तुझ्याशी खोटं बोललो, तेही चुकलं."

लेक भडकली. "एवढी एकच गोष्ट सांगितली होती! एकच! तुम्हाला कधी कोणाला आपलं आपण काही करूच द्यायचं नसतं!" घड्याळजी ऐकत राहिले. एकदाही "अगं पण" म्हणाले नाहीत. बोलून बोलून ती थांबली, तेव्हा त्यांनी स्वतःच विचारलं, "उद्या डॉक्टरणीकडे पोचवू का त्याला?"

लेक पडद्याच्या जवळ आली.

"जेवतोय का तो?"

"बुधवारी जेवला. मी चिमट्याने भरवलं."

"तुम्ही? आणि त्याने घेतलं?"

"वीस मिनिटं लागली. हात हलवायचा नाही. हलला की घाबरतो."

"वीस मिनिटं नुसते उभे राहिलात? तुम्ही?"

"मग काय उपाशी ठेवू?"

लेक हसली, पण हसू मध्येच अडखळलं. "तिच्याकडे चाळीस जनावरं आहेत बाबा. ती कुठे वीस मिनिटं उभी राहणार? राहू दे त्याला तुमच्याकडे." मग जरा थांबून म्हणाली, "पुन्हा कधी भरवणार?"

"बुधवारी."

"चार वाजता भरवाल? तुमच्या चारला. तेव्हा माझी जेवायची सुट्टी असते. फोन लावून समोर ठेवा." आणि हळूच म्हणाली, "इथे अजून कोणाशी ओळख नाही झालेली. एकटीच बसते मी जेवायला."

घड्याळजींना एकदम खूप काही बोलावंसं वाटलं. मी येऊ का, तिथल्या लोकांशी बोलू का, परत येतेस का. ते म्हणाले, "चारला लावतो."

बुधवारी पावणेचारला त्यांनी दुकानाचं शटर ओढलं. घड्याळ घ्यायला आलेलं गिऱ्हाईक बघतच राहिलं. "भरदुपारी बंद? घरी सगळं ठीक ना?"

"ठीक आहे हो," घड्याळजी कुलूप लावत म्हणाले. "आमची लेक जेवायला बसायची वेळ झाली."