दोन कट्ट्यांचा माणूस

“गाडी वाकडी हाये, भैय्याजी. आठ वर्षांआधी तुम्हीच सेट केली होती नं?”

रोहितने गाडीतून उतरता उतरताच तोफ डागली. भैय्याजी हातातला पाना ठेवून उठले, चष्मा सदऱ्याला पुसला आणि पाहिलं. जरीपटका वस्तीतल्या त्या अरुंद गल्लीत, त्यांच्या गॅरेजपुढे पांढरी अॅम्बेसेडर उभी होती आणि ती खरोखरच डावीकडे कलली होती. म्हाताऱ्याने चष्मा काढून पुन्हा पुसला.

पुसणारच. अॅम्बेसेडरची पुढची उंची बसवावी तर भैय्याजींनीच, असं लोक चाळीस वर्षं म्हणत आले होते. ना टेप, ना गेज. मडगार्ड आणि चाकाच्या मधे बोटं घालायची, एक डोळा मिटायचा, झालं काम. रिकामी गाडी मात्र त्यांनी कधी बसवली नाही. शेवटचं माप घेण्याआधी उजवं दार उघडून मालकाला म्हणायचे, “बसा साहेब. रिकामी गाडी खोटं बोलते.” मालक बसला की मग बोटं लावायची. आता वय सत्तरीला टेकलं, गॅरेज बंद करा म्हणून बायको प्रेमिला रोज कानीकपाळी ओरडत होती. तिचं तोंड बंद करायला या बहाद्दराने मागच्याच महिन्यात शब्द देऊन टाकला होता, “ज्या दिवशी डोळा चुकन, त्या दिवशी शटर ओढतो.”

तो दिवस असा दारात येऊन उभा राहील, हे काही त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

डाव्या दाराने सिंधूताई हळूच उतरल्या. गाडी त्यांच्या नवऱ्याची, महादेवरावांची. महादेवराव तीस वर्षं ही गाडी चालवत रोज सावनेरला कापसाच्या जिनिंगवर जायचे. आठ महिन्यांपूर्वी ते गेले. आता गाडी विकायला काढली होती आणि सगळी धावपळ जावई, म्हणजे हा रोहित, करत होता.

“पाच वाजता गिऱ्हाईक येऊन राहिला,” रोहित म्हणाला. “काल पाहून गेला. म्हणे ॲक्सिडेंटची गाडी हाये, बॉडीच वाकली. एक तर सरळ करून द्या, नाही तर लिहून द्या का तुमचं काम चुकलं होतं.”

“रोहितराव, असं नका बोलू,” सिंधूताई कळवळून म्हणाल्या.

भैय्याजी सरळ गाडीखाली शिरले. अॅम्बेसेडरला पुढे स्प्रिंग नसते. दोन लांब लोखंडी दांड्या असतात, टॉर्शन बार, आणि त्यांना जेवढा पीळ द्यावा तेवढी गाडी उचलते. दांड्या ठणठणीत होत्या. रबरं नीट, नटबोल्ट जागच्या जागी, बॉडीला कुठे साधा पोचा नाही. बाहेर येऊन त्यांनी बोटं लावली. उजवी बाजू पूर्ण एक बोट उंच. म्हणजे चूक त्यांच्या हाताचीच!

मागच्या खोलीच्या दारात प्रेमिला चहा घेऊन उभी होती. तिने त्यांचा चेहरा पाहिला.

“काहो, चुकला का डोळा?” तिने हळूच विचारलं. एरवी भांडणारी बाई, पण आज तिलाच रडू येईलसं झालं होतं.

सिंधूताईंनी चहाचा कप घेतला आणि म्हणाल्या, “बरं झालं गाडीच वाकडी निघाली, भैय्याजी. मले वाटे माह्यंच काही बिघडलं. गाडीत बसलं का डावीकडे घसरल्यासारखं होते. डॉक्टरले कान दाखवले. त्यानं चक्करच्या गोळ्या देल्या. आठ महिने झाले खाऊन राहिले.”

“किती महिने?”

“आठ.”

“आन् त्याच्या आधी?”

“आधी कुठं काय होतं?”

भैय्याजी उठलेच. “ओमप्रकाश!” त्यांनी शेजारच्या गिरणीवाल्याला हाक मारली. “गव्हाचे दोन कट्टे आन गा! पन्नास-पन्नास किलोचे!”

“गाडी सरळ करा म्हटलं, आता गहू कशाला?” रोहित वैतागला.

“उचलू लागा, जावईबापू. मग सांगतो.”

पहिला कट्टा ड्रायव्हरच्या सीटवर ठेवला. दुसरा त्याच्यावर टेकवला तशी गाडी खालून ‘कुईं’ करून ओरडली आणि उजवीकडून हळूहळू खाली बसली. भैय्याजींनी या चाकाला बोटं लावली, त्या चाकाला लावली. तंतोतंत सारखी.

सिंधूताईंनी हातातला कप खाली ठेवला.

“असाच आवाज येत जाये,” त्या म्हणाल्या. “सकाळी हे गाडीत बसले का. मले सैपाकघरात समजे, निघाले म्हणून.”

“दोन कट्ट्यांचा मानूस होता, ताई. त्याईले बसवूनच माप घेतलं होतं मी. गाडीची चूक नाही, तुमच्या कानाची नाही.” भैय्याजींनी हात झटकले. मग मागे वळून ते मोठ्यांदा म्हणाले, “शटर राहू दे वं, प्रेमिला!”

रोहित स्वतःहून कट्टे उतरवायला पुढे झाला.

गव्हाचे कट्टे उतरवले. गाडी पुन्हा उजवीकडून उचलली गेली. सिंधूताईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, “करून टाका सरळ. तो मानूस तं आता काही बसत नाही.”

भैय्याजींनी जॅक लावला, उजव्या दांडीचा पीळ उतरवला, जॅक काढला, बोनेट चारदा दाबून सोडलं. मग चाळीस वर्षांच्या सवयीने उजवं दार उघडून ते बोलून गेले, “बसा साहेब.”

बोलले आणि जीभ चावली.

सिंधूताई गाडीला वळसा घालून आल्या. लग्नानंतर इतकी वर्षं ज्या सीटवर त्या कधी बसल्या नव्हत्या, तिच्यावर पदर सावरून बसल्या आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून कान देऊन थांबल्या. गाडी ओरडली नाही. एवढ्याशा वजनाचं तिला काय?

भैय्याजी चाकाशी उकिडवे बसले. माप बरोबर आलंय हे त्यांना पहिल्या बोटालाच कळलं होतं. तरी ते दुसऱ्या चाकाकडे गेले. परत पहिल्याकडे आले.

“झालं का, भैय्याजी?”

“बसा, ताई,” खाली बघतच ते म्हणाले. “अजून पाहून राहिलो.”