आशियाच्या मध्यावरचे सरोवर

जे आपण पाहिले नाही, त्याविषयी माणसाने जपून बोलावे, हे सर्वांनाच मान्य असते. परंतु शिक्षकाची अडचण अशी, की त्याला न पाहिलेल्या देशांविषयी आणि न भेटलेल्या माणसांविषयी रोजच बोलावे लागते. आणि समोर बसलेली मुले ते खरे मानून घरी नेतात. या अडचणीचा मी साक्षी आहे. मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे.

कागदाचा लगदा साच्यात थापून माझे अंग घडवले गेले. संत्र्याच्या फोडींसारख्या कापलेल्या छापील पट्ट्या एका कारागीर बाईंनी अंगठ्याने दाबत माझ्यावर चिकटवल्या, वर रोगण फिरवले आणि मला पितळी कमानीत बसवले. तिथून मी आलो तो थेट शिक्षकांच्या प्रशिक्षण केंद्रात. सुटीत तिथे शिक्षक शिकायला येत आणि पुन्हा विद्यार्थी होऊन मागच्या बाकासाठी भांडत. मला फिरवल्याशिवाय भूगोलाचा तास सुरू होत नसे. ‘काय देखणा आहे हो!’ हे शब्द मी पुष्कळ ऐकले आहेत.

एकदा साफसफाईत मी टेबलावरून घरंगळलो. आशियाच्या ऐन मध्यावर पोचा आला आणि तिथली छपाई खरवडून निघाली. शिपाईकाकांना फार वाईट वाटले. त्यांनी खळ शिजवली, हाताशी होता तो निळा कागद कापून जखमेवर बेताने चिकटवला आणि वरून रोगणही लावले. काम इतके सुबक उतरले, की तिथे सरोवर आहे असेच पुढे सर्वांना वाटू लागले. मिशाळ मास्तर म्हणून एक ज्येष्ठ शिक्षक येत. त्यांनी तर ते सरोवर दरवर्षी आपल्या वर्गाकडून वहीत रंगवून घेतले. त्याचे नाव काय, हे मात्र कोणीच विचारले नाही. विचारले तर आपल्याला ठाऊक नाही हे उघड होईल, ही भीती शिक्षकाच्या मनात फार खोल असते.

पुढे भिंतीवर पांढरा पडदा आला, त्यावर चित्रे हलू लागली, आणि माझी रवानगी कपाटावर झाली. माझ्या उत्तर ध्रुवावर धूळ साचली. तेवढाच माझा हिवाळा.

यंदा ‘आशिया कसा शिकवावा’ या विषयावर शिक्षकांचा वर्ग भरला. मार्गदर्शक मोठ्या बाईंनी मला खाली उतरवले, पदराने पुसले आणि टेबलाच्या मधोमध ठेवले.

“उभे राहा सगळे टेबलाभोवती. जागा सोडायची नाही. तिथून जे दिसतंय तेवढंच सांगा.”

“मला नुसती बेटं दिसतायत.”

“मला वाळवंट.”

“माझ्या वाट्याला सगळा महासागर आलाय,” मिशाळ मास्तर म्हणाले. “बाई, माझा आशिया बुडाला!”

सगळे हसले. मोठ्या बाईही हसल्या. मग म्हणाल्या, “एका जागेवरून इतकंच दिसतं. आणि आपण मात्र एका वाक्यात अख्खा देश उरकतो.”

दाराजवळ उभ्या असलेल्या, वयाने सर्वांत धाकट्या बाई हसल्या नव्हत्या. जेवणाच्या सुटीत खोली रिकामी झाल्यावर त्या पुढे आल्या.

“बाई, मी उरकलाय एक.”

“काय झालं?”

“वर्गात नवी मुलगी आलीये, परदेशातून. पहिल्याच दिवशी मी कौतुकानं सांगितलं, हिच्या देशात वाळू आणि उंट असतात. मुलं तिला ‘उंटीण’ म्हणायला लागली. तेव्हापासून तिनं तोंड उघडलेलं नाही. मुख्याध्यापक म्हणतात, बोलत नाही म्हणजे तिला कळत नाही. सत्र संपलं की खालच्या वर्गात बसवू.”

“आणि तुम्हाला काय वाटतं?”

“तिला सगळं कळतं हो. गप्प मी केलंय तिला.”

मोठ्या बाईंनी मला त्यांच्या हाती दिले. “मग आता तुम्ही गप्प बसून बघा. हा तिच्यापुढे ठेवा. सांगू काहीच नका.”

“नाहीच बोलली तर?”

“तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवा.”

अशा रीतीने मी, वयोवृद्ध, पिशवीत बसून शाळेत गेलो. कित्येक दिवस ती मुलगी माझ्याकडे नुसती पाहत राहिली. इतर मुले मला गरागरा फिरवीत. एके दिवशी, तिला चिडवण्यात जो सर्वांच्या पुढे असे, त्या मुलाने निळ्या कागदावर बोट ठेवले.

“बाई, केवढं हे तळं! इथे पोहायला मजा येत असेल, नाही?”

उत्तर धाकट्या बाईंच्या ओठांवर आले होते. त्यांनी ते गिळले. मग त्या बोटाशेजारी दुसरे, बारीकसे बोट आले.

“तिथे पाणी नाही,” ती मुलगी म्हणाली. “तिथे माझी आजी राहते.”

मित्रांनो, इतकी वर्षे मी जे सांगू शकलो नव्हतो, ते तिने सांगितले.

“आजी? मग उंट?” मुलाने विचारले.

“उंट नाही. डोंगर. सफरचंद. थंडीत नळ गोठतो. आजी नळाला जुनी शाल गुंडाळते.”

“नळाला शाल? मग आजी काय पांघरते?”

ती हसली. मग तिचे मोडकेतोडके बोलणे मधली सुटी झाली तरी सरेना. दारात मुख्याध्यापक येऊन उभे राहिले होते. ते तसेच परत गेले. खालच्या वर्गाचा विषय पुन्हा निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी धाकट्या बाईंनी ओल्या फडक्याने निळा कागद अलगद सोडवला. खाली पांढरा लगदा उघडा पडला. त्यावर मुलीने पेन्सिलीने डोंगर काढले आणि एक ठिपका दिला. ते घर.

मी केंद्रात परतलो, तेव्हा मोठ्या बाईंनी तो ठिपका पुष्कळ वेळ पाहिला. “म्हणजे आपण सगळे या सरोवराच्या काठी इतकी वर्षं हवा खात बसलो होतो!” त्या म्हणाल्या. मिशाळ मास्तरांनी मिशीवरून हात फिरवला आणि वर्गाच्या वह्या परत मागवल्या.

मित्रांनो, माझ्यासारख्यांवरची धूळ जरूर पुसा. पण जिथे तुम्हाला नुसते पाणी दिसते, तिथे कोणाची आजी राहत असेल, हे आधी विचारा.

त्या आजीच्या नळालाही शाल पुरो आणि तिच्या खांद्यांनाही. नातीचे शब्द तिच्यापर्यंत पोहोचोत. आणि प्रश्न विचारून थांबणाऱ्या सर्व शिक्षकांना उत्तरे ऐकण्याइतके दीर्घ आयुष्य लाभो.