उजेड छान पकडलास

"फोटोवाले, हे काय टाकलंय तुम्ही आज? लाइट गेले होते का?"

मेणाचं काम करणाऱ्या बाईंनी आपला फोन त्याच्या नाकासमोर धरला. त्याच्या हातात कुणाच्या तरी खालच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा होता आणि चष्म्यावर पांढरी भुकटी. त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळे बारीक करून पाहिलं. काळा चौकोन होता. कोपऱ्यात एक तपकिरी डाग, बस्स.

"अरेच्चा! हा तर माझ्या खिशाचा फोटो आहे."

"आतून?"

"आतून."

"मग तसं लिहायचं ना खाली. मी आपली केव्हाची शोधतेय, ह्यात कला कुठे आहे."

पॉलिशच्या मशीनवरचा माणूसही मशीन थांबवून हसला. सकाळी चहा पिताना, चष्मा न पुसता, त्याने घाईघाईत भलताच फोटो निवडला होता. एप्रनच्या खिशात फोन आपोआप दाबला जातो आणि असे काळे फोटो निघतात, हे त्याला ठाऊक होतं. पण ते जगाला दाखवायची पाळी आजवर आली नव्हती. हात पुसून तो फोटो काढून टाकणार, तेवढ्यात त्याची नजर खालच्या प्रतिक्रियांवर गेली.

तीन होत्या. मेहुण्याचा, बायकोच्या भावाचा, अंगठा होता. मेहुणा अंगठा दाखवून मोकळा होतो. कुणा अनोळखी माणसाचं गुलाबाचं फूल होतं. तो भला माणूस सगळ्यांच्या सगळ्याच फोटोंवर फुलं वाहत असतो. आणि तिसरी थोरल्या बहिणीची, अक्काची.

'वा छोट्या! उजेड छान पकडलास.'

आधी त्याला हसू आलं. मग ते हसू तोंडातच राहिलं.

दातांच्या त्या प्रयोगशाळेत त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. डॉक्टर लोक हिरड्यांचे ठसे पाठवतात, इथे त्यांच्यावरून साचे निघतात, मेणात दात मांडले जातात, आणि शेवटी कवळी घासूनपुसून डबीत जाते. कवळी उत्तम झाली तर कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि बिघडली तर खाणारा, हसणारा, शेजारी बसणारा, सगळ्यांना कळते. शेकडो माणसं त्याने बसवलेले दात घेऊन हसत हिंडत होती आणि त्यांतल्या एकालाही तो माहीत नव्हता. त्याचं त्याला दुःख नव्हतं. पण माणसाला वाटतंच की आपल्या हातून झालेली एखादी गोष्ट कुणीतरी थांबून बघावी, आणि बघितली म्हणून सांगावं.

म्हणून कॅमेरा. तोही आधी कुणीतरी वापरलेला, डाव्या बाजूचं रबर सुटलेला. कामावरून घरी जाताना तो वाट वाकडी करून जायचा. जिन्यात पडलेली उन्हाची पट्टी, बंद दुकानाच्या काचेत उभी राहिलेली सायकल, वाळत घातलेल्या चादरीमागून जाणारी मांजर, असलं काहीबाही टिपायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातलं एक चित्र लोकांपुढे ठेवायचा. खाली एक शब्द लिहायचा नाही. हा त्याचा बाणा होता. चित्राला स्वतःचं तोंड असतं, आपण कशाला मध्ये बोलायचं, असं तो म्हणे. बायको म्हणे, "दुसऱ्यांची तोंडं दुरुस्त करता करता चित्रालाही तोंड फुटलं वाटतं."

किती जणांनी बघितलं हे तो मोजत नाही, असं तो सांगायचा. ते अर्थातच खोटं होतं. पण खरं सांगायचं तर त्याला एकाच माणसाचं मत हवं असे, आणि ते म्हणजे अक्काचं. आई लवकर गेली. तेव्हापासून त्याच्या शाळेच्या डब्यापासून अक्षरापर्यंत सगळं अक्काने पाहिलं. ती चित्रकलेची शिक्षिका झाली ती पुढे, पण कान उपटायला तिने त्याच्यापासूनच सुरुवात केली होती. त्याच्या फोटोखाली ती लिहायची: 'खुर्चीचा पाय का कापलास? लंगडी झाली ना ती.' 'आकाश फार झालं, माणूस बिचारा बुडाला.' 'कालचाच फोटो आज परत काढलास. आळशी.' मेहुण्याच्या दहा अंगठ्यांपेक्षा अक्काची एक शिवी त्याला जास्त दिवस पुरत असे.

जेवणाच्या सुट्टीत त्याने डबा उघडलाच नाही. फोन घेऊन तो खिडकीशी बसला आणि मागे मागे जात राहिला. 'उजेड छान पकडलास.' 'मस्त जमलाय.' 'वा, उजेड सुंदर.' चादरीच्या फोटोलाही तेच, मांजरीलाही तेच. गेल्या हिवाळ्याच्या आसपास कधीतरी खुर्च्यांचे पाय आणि आकाशं थांबली होती, आणि त्यानंतर निव्वळ कौतुक होतं.

त्याला हे दिसलं नव्हतं असं नाही. दिसलं होतं. त्याला वाटलं होतं, आपला हात सुधारला. अंगावर मूठभर मांस चढलं होतं. त्या भरात तो एका प्रदर्शनातही चार फोटो देऊन आला होता, आणि ते परत आले तेव्हा निवडणाऱ्यांना अक्कल नाही असं बायकोला सांगितलं होतं.

घरी गेल्यावर त्याने बायकोला तो काळा फोटो आणि खालचं अक्काचं वाक्य दाखवलं.

"थट्टा केली असेल हो त्यांनी," बायको संध्याकाळी म्हणाली.

"अक्का माझी थट्टा करते. फोटोची नाही करत."

"मग फोन करून विचारा."

"फोनवर काय कळणार? तापाने फणफणली असली तरी आवाज खणखणीत ठेवते ती."

"उद्या रविवारच आहे. जाऊन या. आणि तो कॅमेरा गळ्यात अडकवून जा, नाहीतर तुमचं तोंड बघून त्यांना वाटेल, कुणीतरी गेलं."

अक्का शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची. नवरा गेल्यावर मुलाने तिकडे त्याच्या गावी चल म्हणून डोकं खाल्लं, पण ती हलली नाही. मुलगा गुणी होता, आणि तीच पंचाईत होती. वाईट मुलाला नाही म्हणणं सोपं असतं.

बेल वाजताच तिने दार उघडलं. "ये रे छोट्या. बायको कुठाय?"

आपण एकटे आहोत हे तिला बरोबर कळलं, या विचाराने त्याला हायसं वाटलं. मग लक्षात आलं, जिन्यात पावलं एकाच माणसाची वाजली होती.

घर नेहमीसारखंच होतं, उलट नेहमीपेक्षा नीटनेटकं. चपला भिंतीला टेकून, खुर्च्या टेबलाच्या पोटात. ती स्वयंपाकघरात लाटण्याचं काम आवरत होती. वावरत होती अशी, की आपणच वेडे, असं त्याला वाटू लागलं. बोलताना ती बघत होती मात्र त्याच्या कानाकडे. लहानपणी तो खोटं बोलला की ती अशीच बघायची.

ती चहा ठेवायला वळली आणि त्याची नजर खिडकीकडे गेली. पडद्याच्या फटीतून ऊन येऊन फरशीवर सांडलं होतं, आणि त्या उन्हाच्या नेमकं मध्ये एक लाकडी स्टूल उभं होतं. खोड जात नाही. त्याने स्टूल उचलून बाजूला, स्वयंपाकघराच्या दाराच्या तोंडाशी ठेवलं, गुडघ्यावर बसला, डोळ्याला कॅमेरा लावला आणि बटण दाबलं.

अक्का ट्रे घेऊन आली ती सरळ त्या स्टुलावर आदळली.

कप फुटले. चहा फरशीवरून उन्हापर्यंत वाहत गेला. अक्काने भिंत धरली. ती पडली नाही, पण तिच्या तोंडातून जो आवाज निघाला तो त्याने कधी ऐकला नव्हता.

"इथे कुणी ठेवलं हे?" ती ओरडली. "इथे नसतं हे! हे खिडकीशी असतं!"

"मी ठेवलं, अक्का."

"का?"

"फोटोत येत होतं."

तिने खाली बसून नडगी दाबून धरली. तो जवळ आला तेव्हा तिने हात वर केला, काचा आहेत, थांब, अशा अर्थी. काचा तिच्या डावीकडे होत्या. हात उजवीकडे होता.

त्याने आधी काचा गोळा केल्या, मग फरशी पुसली. शेवटी फडकं पिळता पिळता तो म्हणाला, "काल मी माझ्या खिशाचा फोटो टाकला होता. आतून."

अक्का हसली नाही. "मला वाटलंच, कधीतरी तू असं काहीतरी करशील."

"कधीपासून?"

"हळूहळू झालं रे. कडेकडेचं दिसतं अजून. मधोमध कुणीतरी अंगठ्याने पुसून टाकल्यासारखं. समोर बघितलं की समोरचं नाही, त्याच्या शेजारचं दिसतं. डॉक्टर म्हणाले, एवढं राहील, गेलेलं परत येणार नाही." ती नडगी चोळत राहिली. "फोन बोलून सांगतो, छोट्याने फोटो टाकला. मग मी त्याला बोलून सांगते काय लिहायचं ते. तू उजेडाशिवाय दुसरं काय काढतोस? म्हटलं, हे वाक्य कशालाही चालतंय."

"मला सांगायचं ना."

"आणि मग? तू टाकायचा बंद झाला असतास."

ती म्हणाली ते खरं होतं.

"आणि तुझ्या पोटात काही राहत नाही. तू लगेच भाच्याला सांगितलं असतंस, तो दुसऱ्या दिवशी दारात उभा राहिला असता. तिथे त्याच्या घरात मला दिवा कुठे आहे तेही विचारावं लागेल. इथे मला सगळं माहीत आहे, छोट्या. फक्त तू स्टुलं हलवू नकोस."

त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही. लपवायचं तरी कशाला, ती बघत नव्हती; पण तिने ऐकलं. "नाक पूस," ती म्हणाली. "आणि आत्ता काय काढलंस ते सांग."

"ऊन आहे. फरशीवर."

"हे झालं तुझं सांगणं? ऊन काय, फरशीवरच पडणार. आकार काय? किती आहे? कुठून आत शिरलंय?"

त्याने कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्याकडे पाहिलं. फोटोखाली शब्द न लिहिणाऱ्या माणसाला एकेक शब्द धुंडाळताना घाम फुटला. पट्टी आहे, म्हणाला, सरळ नाही, खालून रुंद. मध्ये फरशीची एक भेग आहे, तिथे ऊन थोडं मोडल्यासारखं दिसतं. वर काळोख आहे. बराच.

"किती बराच?"

"अर्ध्याच्या वर."

"मग कशाला ठेवलास? काप तो. ऊन एवढं लांबून आलंय आणि तू त्याला तळघरात बसवलंस."

त्याने कापला. फोटो खरंच चांगला झाला. त्याला इतका आनंद झाला की त्याचीच त्याला लाज वाटली.

पण भाच्याला सांगायला हवं, यावर तो अडून बसला. एरवी अक्कापुढे त्याचं काही चालत नसे, आज चाललं. तिने नडगीकडे हात नेला, मग हो म्हणाली. एकच अट घातली: सांगेन मी. तू मध्ये बोलायचं नाहीस.

तिने फोनला मुलाचं नाव सांगितलं. जे होतं ते दोन वाक्यांत सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. फोनमधून भाच्याचा आवाज खोलीभर आला. "आई, मी शनिवारी येतो."

"ये की. पण ट्रक घेऊन येऊ नकोस. सामान हलणार नाहीये."

"मामा आहे का तिथे?"

"आहे. मीच त्याला बोलायचं नाही असं सांगितलंय."

फोन ठेवल्यावर ती खुर्चीत नीट बसली. हात मांडीवर ठेवले.

"शनिवारी तो माझं तोंड बघणार," ती म्हणाली. "घर बघणार नाही, तोंड बघणार, आणि त्यावरून ठरवणार मला न्यायचं की नाही. मला मी दिसत नाही रे. आरशात आजूबाजूची भिंत असते, मधली बाई नसते. मी कशी दिसते, सांग. आणि छान दिसतेस म्हणालास तर उठून चालता हो."

तो तिच्यासमोर स्टूल घेऊन बसला. इतक्या जवळून त्याने तिला कधी बघितलंच नव्हतं. आयुष्यभर तीच त्याच्याकडे बघत आली होती.

"केस सगळे पांढरे झालेत. भांग वाकडा आहे, पण फार नाही."

"पुढे."

"बारीक झालीयस. गालाची हाडं वर आलीत. डोळे..." तो थांबला. "डोळे तसेच आहेत. कुणाला कळणार नाही. फक्त बोलणाऱ्याच्या कानाकडे बघू नकोस, थोडं आत बघ."

तिने मान किंचित हलवली. "असं?"

"अजून थोडं. हं. आता माझ्याकडे बघतेयस."

"पुढे."

"कपाळावर आठी आहे. ती आधीपासूनच होती."

"ती तुझ्यामुळे आहे. पुढे."

"आणि गालावर पीठ लागलंय."

"कधीपासून?"

"मी आलो तेव्हापासून."

"आणि इतका वेळ गप्प बसलास?" तिने हात उचलला आणि गाल पुसला. दुसराच. "गेलं?"

त्याला हो म्हणता आलं असतं.

"नाही," तो म्हणाला. "थांब."

अक्काने चेहरा थोडा वर उचलला, जिथे तो आहे असं तिला कळत होतं त्या दिशेला, आणि तो अंगठ्याने पीठ पुसून होईपर्यंत ती जराही हलली नाही.