किल्ली कुणाकडे?

“गोळ्या ह्याच्या हाताशी ठेवायच्या नाहीत, ताई. कपाटाला कुलूप, आणि किल्ली तुमच्या कमरेला. समजलं?”

हे सांगताना डॉक्टर हिम्मतरावांनी आपली उजवी मूठ टेबलाखाली घट्ट आवळून धरली होती. समोरची बाई मान डोलावून, मुलाला पुढे घालून निघून गेली. दार लागलं तेव्हा त्यांनी मूठ उघडली. मुठीत त्यांच्याच औषधांच्या कपाटाची किल्ली होती, आणि तळहातावर तिचे दात उमटले होते.

कपाट पाठीमागेच होतं. बाजार खुला झाल्यापासून हिमायतनगरच्या त्या दवाखान्यात दर आठवड्याला कुठल्या तरी कंपनीचा नवा टायवाला यायचा आणि नव्या गोळ्यांचे नमुने ठेवून जायचा. कपाट गच्च भरलं होतं. पूर्वी हिम्मतरावांना त्याचं कौतुक होतं. गरिबाला फुकट देता येतं म्हणायचे. आता त्या कपाटाकडे पाठ करून बसायचीसुद्धा भीती वाटायची. चोराची नव्हे हो, स्वतःची!

त्यांचा पेशंट युवराज गेल्यापासूनचं हे. बापाने शेअरबाजारात राहतं घर घालवलं तेव्हापासून तो पोरगा अन्नपाणी सोडून बसला होता. हिम्मतरावांनीच त्याला बरा झाला म्हणून घरी सोडलं, आणि पोराने जीव दिला. बाप भांडायलाही आला नाही. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तेव्हापासून डॉक्टरांची झोप उडाली, घास तोंडात फिरू लागला, आणि एकच विचार उठताबसता छळू लागला. तो विचार कसला, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडून तेच तर ऐकलं होतं. पण बायकोला, चारुलताला, सांगवत नव्हतं. पोळी वाढताना ती नुसती बघत राहायची, आणि हे वर्तमानपत्र तोंडापुढे धरायचे.

बाई गेल्यावर त्यांनी दवाखाना बंद केला आणि ऑटो करून सुलतान बाजार गाठला. तिथे कापडाच्या दुकानांच्या माडीवर सत्यवतीचा दवाखाना होता. कॉलेजातली सोबतीण, आणि तीही मनाच्याच दुखण्यांची डॉक्टर. जिन्याच्या मधल्या पायरीवर ते परत फिरलेसुद्धा, पण खालून साड्यांची गाठोडी घेऊन हमाल चढत होता, त्याने वरच ढकललं.

“अरे, हिम्मत! वाट चुकलास का काय? बैस, चहा मागवते.”

“चहा नक्को. एका पेशंटबद्दल विचारायचं होतं.”

डॉक्टर मंडळींची ही रीतच. एकमेकांकडे जायचं ते पेशंट पुढे करून. हिम्मतरावांनी केस सांगायला घेतली, परीक्षेत सांगतात तशी, खणखणीत आवाजात.

“पुरुष, वय सत्तेचाळीस. शिकलेला, काम चालू आहे. झोप नाही, भूक नाही. हात थरथरतात. आपल्या हातून पाप झालंय म्हणतो. मरणाचे विचार येतात.”

सत्यवतीने लिहायला पेन उचललं होतं. तिने त्याला टोपण लावून ते बाजूला ठेवलं.

“रोज येतात?”

“रोज.”

“घरी सांगितलंय त्याने?”

“नाही. घाबरतो.”

“कशाला?”

“बायको हाय खाईल म्हणून. प्रॅक्टिस...” ते अडखळले. “कामधंदा बसेल म्हणून. आणि एखाद्या दिवशी ही भीतीच वाटेनाशी होईल, त्याला सगळ्यात जास्त घाबरतो.”

खाली कुणीतरी धाडकन शटर ओढलं. हिम्मतराव दचकून खुर्चीतून अर्धे उठले. सत्यवती उठली, दाराची कडी लावली, आणि टेबलापलीकडच्या आपल्या खुर्चीत न बसता त्यांच्या शेजारी, नातेवाइकांच्या खुर्चीत येऊन बसली.

“त्याच्या घरी गोळ्या कुठे ठेवतात?”

“घरी नाहीत. दवाखान्यात.”

शब्द तोंडातून गेला. आता झाकायला काही उरलं नव्हतं. सत्यवतीने ऐकलंच नाही असं दाखवलं.

“किल्ली कुणाकडे?”

हा प्रश्न त्यांनी हजारदा विचारला असेल. ऐकणाऱ्याचा जीव एवढा घाबराघुबरा होतो, हे त्यांना आज कळत होतं.

“त्याच्याकडेच,” ते म्हणाले.

पंखा गरगरत होता. सत्यवतीने खुर्ची आणखी जवळ ओढली.

“माझीही एक पेशंट आहे, हिम्मत. बाई. तुझ्या त्या पेशंटच्याच वयाची. तिच्या कपाटाची किल्ली बरेच दिवस बहिणीकडे होती. बहीण सकाळी येऊन कपाट उघडायची, शेवटचा पेशंट गेला की बंद करून जायची. लोक म्हणायचे, काय माया आहे बाई बहिणीची!”

हिम्मतरावांनी मान वर केली.

“आता कशी आहे ती?”

“आत्ताच तुला चहा मागवते म्हणत होती. तू नक्को म्हणालास.”

हिम्मतरावांनी खिशात हात घातला. किल्ली निघता निघेना. शेवटी ती सत्यवतीच्या तळहातावर ठेवली तेव्हा रडू आवरेना, आणि त्यांनी आवरलंही नाही. सत्यवतीने फोन पुढे ओढला, नंबर फिरवला आणि रिसीव्हर त्यांच्या हातात दिला.

“चारू? ऐक ना. माझा एक पेशंट...”

सत्यवती त्यांच्याकडे बघत होती.

“नाही. पेशंट नाही. मी. मला बरं नाहीये, चारू. फार भीती वाटते. सत्यवतीकडे आहे.”

पलीकडून चारुलताचा आवाज आला, कापरा, पण घाईचा.

“तिथून हलू नका. मी निघालेच.”

त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. सत्यवतीने किल्ली आपल्या कमरेला खोचली, खिडकीशी गेली आणि खालच्या हॉटेलवाल्याला हाक मारून तीन चहा सांगितले.