बहिणीचा टॉवेल

चंदन घाबरला नाही, हे पाच गावांनी मिळून ठरवून टाकलं. चंदनला कुणी विचारलं नव्हतं. विचारून उपयोगही नव्हता. त्या दिवसातला त्याला साक्रीचा चहा आठवतो. चहा गोड होता. बाकी काही नाही.

बाकीचं सगळं मयुरीजवळ आहे. मयुरी त्याची मोठी बहीण. पाचोऱ्याला तिचं शिवणकामाचं दुकान. त्या दिवसापासून तिने शटर उघडलेलं नाही.

*

मोटारसायकल. पुढे चंदन, मागे मयुरी, तिच्या मांडीवर पिशवी. पिशवीत पाण्याची बाटली, बर्फाचा डबा, कोरा पांढरा टॉवेल.

खरं तर ही पिशवी धरायचं काम अमृत सरांचं. जळगावला चंदनला बॉक्सिंग त्यांनीच शिकवलं. पण सरांनी साफ सांगितलं होतं, "मी येणार नाही. समोरचा दहा किलोने जड आहे, तिथे ना डॉक्टर, ना धड पंच. मी कोपऱ्यात उभा राहिलो म्हणजे लढत मला मान्य आहे असा अर्थ होतो." मग मयुरीकडे वळून म्हणाले होते, "तू जा. त्याचे पाय बघत राहा, तोंड बघू नको. पाय ऐकेनासे झाले की टॉवेल आत फेकायचा. टॉवेल आत पडला की लढत संपली. जगात कुठेही."

जगात कुठेही.

"कसाले लिधी रे ही लढत?" साक्रीच्या अलीकडे मयुरीने त्याच्या कानाशी ओरडून विचारलं. "फार मोठा शूर लागी गया का तू?"

चंदन हसला. "अक्का, धाडस-बिडस काही नही. हिशोब शे. सोप्या लढती जिकी काय व्हस? कोनी ईचारत नही. हाऊ इंदूरवाला नावाजेल शे. त्यान्यासमोर चार राउंड उभा राहनू तरी बस. पुण्याना लोके दखाले येतस. त्यासना करार भेटना तं रोजनी प्रॅक्टिस, खावाले अंडा, रहावाले खोली."

"आनि उभा नही राहना तं?"

"मंग तू शे ना. टाकी दे टॉवेल."

"म्हंजे हारी जाशी."

"हारसू. मरसू थोडाच? चाल, चहा पी."

*

पिंपळनेरच्या अलीकडचं गाव, यात्रेची दंगल. कुस्त्यांचीच माती, तिच्यावर ताडपत्री, चार कोपऱ्यांना बांबू, बांबूंना दोर. तरुण पोरं आता कुस्तीला थांबत नाहीत, म्हणून पंचकमिटीने यंदा बॉक्सिंग ठेवलं होतं. पंच मात्र जुनेच, सुपडू नाना. चाळीस वर्षं मातीत उभा राहिलेला माणूस. सकाळी नातवाच्या मोबाइलवर त्यांनी दोन लढती पाहून घेतल्या होत्या.

"कमरेखाले मारानं नही, पडना तं दहा मोजाना," ते मयुरीला म्हणाले. "आखो काय ऱ्हास त्यामा, पोरी?"

मयुरी हसली. तिलाही वाटलं, आणखी काय असतं?

सुरुवातीला सत्कार झाले. चंदनचे वडील धनसिंग आबा, ऐन उमेदीत याच मातीत नाव काढलेले मल्ल. त्यांना समोर बोलावून टोपी घातली, खांद्यावर नवा टॉवेल टाकला. लग्न असो, दंगल असो, इकडे टॉवेल-टोपीशिवाय माणसाचा मान पुरा होत नाही. आबांनी चहूबाजूंनी हात जोडले. पंचावन्न वर्षांचा माणूस लहान पोरासारखा लाजला.

*

पहिला राउंड बरा.

दुसऱ्यात चंदनचा डावा डोळा सुजला. मयुरीने तोंड बघायचं नाही असं ठरवलं होतं. तिने पाय बघितले.

पाय ऐकत होते अजून.

मिनिटभर विश्रांती. स्टुलावर बसलेला चंदन, तोंडात पाणी, पाण्यात रक्त.

"अक्का, माले दोन दोन दिखतस."

"टाकू?"

"टाक." मग लगेच तिचं मनगट दोन्ही ग्लोव्हजमध्ये पकडून, "आते नही. बठेल शे तवय नको. उभा राहू दे, दोन ठोसा मारू दे, मंग टाक. बठीसन हारनू तं आबाले गावमा तोंड दखाडता येवाव नही."

घंटा.

तो उठला. एक ठोसा मारला, लागला. दुसरा मारला, हवेत गेला. झाले दोन. मयुरीने टॉवेल फेकला.

टॉवेल बरोबर मध्ये पडला. सुपडू नानांनी हात आडवा करून दोघांना लांब केलं. वाकले. टॉवेल उचलला. झटकला, दोनदा, नीट, अंगणात धुणं झटकावं तसा. आणि चंदनच्या खांद्यावर घातला, त्याचा हात वर धरला.

"बहीनना मान! वाजाडा रे डफ!"

डफ वाजला. वाजला म्हणजे काय, आभाळ फुटलं. आणि मग पहिल्या रांगेतून एक टॉवेल आला. मागून दुसरा. पिवळा, गुलाबी, चौकड्यांचा, सत्कारात मिळालेला, डोक्याला गुंडाळलेला, घाम पुसलेला. लोक उभे राहून फेकत होते. लोकांचे डोळे भरून आले होते. बहिणीने मान दिला, आता गावाने मागे राहायचं? धनसिंग आबांनीही खांद्यावरचा नवा टॉवेल काढला आणि पोराच्या पायाशी टाकला.

"नाना, थांबवा! थांबवा, हारना तो!" मयुरी ओरडत होती. डफापुढे तिचं तिलाही ऐकू येत नव्हतं. ती दोराखाली वाकली. दोघांनी तिला धरलं, अगदी अदबीने, नात्यातल्यासारखं. "अक्का, मातीमा बाईमानूस येत नही. मारुतीनी माती शे ती."

चंदनने तिच्याकडे बघितलं. खांद्यावर टॉवेल, दोन्ही हात ग्लोव्हजमध्ये, त्याला तो काढताही येईना. मान हलवून त्याने तो पाडला. समजुतीने हसल्यासारखं काहीतरी केलं, आणि वळला.

इंदूरच्या पोराला टॉवेलचा अर्थ माहीत होता. तो हात खाली सोडून उभा होता. सुपडू नानांनी त्याला पुढे ढकललं. "लढ रे, भियेल शे का?"

एवढं सांगितलं तरी पुरे.

*

धुळ्याच्या दवाखान्यात डोक्याचं ऑपरेशन झालं. बाहेरच्या बाकावर मयुरी बसून असायची आणि माणसं येत राहायची. पुण्याचे लोक एकदा येऊन गेले, पुन्हा आले नाहीत. अमृत सर आले. त्यांनी विचारलं, "टॉवेल टाकला नाहीस?" तिने काय झालं ते सांगितलं.

आबांना तिने काही सांगितलं नाही. आबा येईल त्याला सांगत होते, पोरगं दुप्पट गड्यासमोर उभं राहिलं, मागे सरकलं नाही. ते सांगताना तेवढ्यापुरते ते ताठ बसायचे. बाकी दिवसभर त्यांची मान वर होत नसे.

चंदन घरी आला. उजवा हात उचलेनासा झाला. बोलणं आलं, पण एकेक शब्द विहिरीतून शेंदल्यासारखं. आठवण आली नाही. मग आबांनी त्याला त्याची लढत सांगितली. रोज सांगितली. काही दिवसांनी पाहुण्यांना चंदन स्वतःच सांगू लागला, आबांच्याच शब्दांत. "मी. मांगे. सरकनू नही." पाहुणे डोळे पुसायचे. मयुरी त्याच्या ताटातला घास कालवत राहायची. साक्रीच्या अलीकडचा तो हसणारा, हिशोब करणारा तिचा भाऊ, त्याला विचारायला कुणी येत नव्हतं.

एके दुपारी जेवणवेळेला सुपडू नाना आले. हातात नारळ. चंदनच्या खाटेशी बसून त्यांनी त्याच्या पायावरून हात फिरवला.

"चाळीस वरीसमा असा मान दखा नही, बेटा. मीच टाका तुन्या खांदावर. तुनी बहीनना टॉवेल."

चंदन विचारात पडला. मयुरीकडे बघून म्हणाला, "अक्का. तू कसाले टाका?"

"मान दिधा तिनी," आबा घाईने म्हणाले.

"अक्का?"

मयुरीने ताट खाली ठेवलं. "तू सांगं म्हनीसन टाका. तुले दोन दोन दिखत व्हतं. तू म्हनं, टाक. टॉवेल टाका म्हंजे लढत बंद."

"मयुरी!" आबा म्हणाले.

सुपडू नानांचा हात चंदनच्या पायावर होता तिथेच थांबला. त्यांनी एकदा आबांकडे बघितलं, एकदा मयुरीकडे. त्या सकाळी मोबाइलवर पाहिलेल्या दोन लढतींत टॉवेल कुठे होता, तेच ते आठवत असावेत. मग उठले. नारळ कुठे ठेवावा ते त्यांना समजेना. तो घेऊनच ते दारापर्यंत गेले, आणि उंबऱ्यावर बसून राहिले. आबा त्यांच्यापाशी जाऊन बसले. दोन म्हातारे मल्ल उंबऱ्यावर, एकमेकांकडे पाठ करून.

आत चंदनने विचारलं, "मंग मी. भियेल व्हतू?"

"नही. तुले जगानं व्हतं."

"मंग गऊ कसाले तठे?"

मयुरीने सांगितलं. सोप्या लढतींना कुणी विचारत नाही. इंदूरवाला नावाजलेला. चार राउंड उभं राहायचं, जिंकायचं नाही, फक्त उभं राहायचं. मग पुणे, करार, अंडी, खोली. सगळं त्याच्याच शब्दांत, त्याच्याच चालीवर. सांगता सांगता तिला मोटारसायकलवरचा वारा लागला आणि ती थांबली.

चंदन लक्ष देऊन ऐकत होता. परक्या गावची गोष्ट ऐकावी तसा.

"बरा. हिशोब शे," तो म्हणाला. "पोऱ्या. हुशार व्हता."

मयुरीने ताट उचललं. घास कोरडा झाला होता, तिने थोडं वरण ओतून तो परत कालवला.

"व्हता," ती म्हणाली. "आ कर."