वाजवणाऱ्याचं घर

सुकऱ्याच्या पोटात दुखायला लागलं ते लामिननं पहिली तार छेडली तेव्हाच. आफ्रिकेतल्या मालीहून आलेला हा लामिन म्हणजे तिथला ग्रियो. घराण्यात बापाकडून लेकाकडे आलेली राजांची गाणी तोंडपाठ, आणि मांडीपुढं भलामोठा कोरा. भोपळ्याचंच वाद्य, पण तारा एकवीस!

सुकऱ्याच्या घांगळीला दोन-दोन भोपळे असून तार एकच. कणसरीचं, म्हणजे धान्यदेवीचं गाणं तिच्यावर शेवटपर्यंत म्हणणारा आसपासच्या पाड्यांत आता तो एकटाच उरला होता. कोसबाडच्या या कार्यक्रमाला त्याला कुणी साधं विचारलंसुद्धा नव्हतं. आणि या पाहुण्याला हार काय, शाल काय!

तेही त्यानं गिळलं असतं हो. पण त्याचा मनिष! बापानं घांगळी काढली की कामाचं निमित्त सांगून पळणारा मनिष पहिल्या रांगेत तोंड उघडं टाकून बसला होता. सुकऱ्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. इतकी वर्षं पोराची मनधरणी केली ती यानं, आणि पोरगा घेऊन चालला तो कोण कुठला!

कार्यक्रम संपल्यावर मनिष लामिनला घेऊन सुकऱ्याकडंच आला. सोबत दुभाष्या होता, मुंबईचा तुषार.

"काका, मनिषला यांच्याकडं शिकायचंय," तुषार म्हणाला. "हे महिनाभर आहेत इथं. पण यांच्यात वाजवणाऱ्या घरातल्यालाच शिकवतात, तेही बापाला विचारून. तुमच्या घरात वाजवतात ना?"

लामिन हात जोडून उभा होता. त्या जोडलेल्या हातांचासुद्धा सुकऱ्याला राग आला.

"नाय," तो म्हणाला. "आमच्यात कोण नाय वाजवत."

मनिषचं तोंड एवढंसं झालं. तुषार गोंधळला.

"अहो, मग मनिष काय सांगत होता? म्हणे, कणसरीचं अख्खं गाणं फक्त माझ्या बाला येतं. मला ते शिकायचंय, पण त्याच्यापुढं बसलो की हात कापतात. आधी यांच्याकडं हात बसवतो, मग त्याच्यापुढं बसतो."

सगळ्यांपुढं आपला शब्द खोटा पाडायला सुकऱ्या धजेना, आणि तुषारनं ते 'नाय' लामिनला सांगितलं. लामिननं मनिषच्या खांद्यावर थोपटलं, हळहळून मान हलवली आणि कोरा उचलून तो गाडीकडं गेला.

परतताना रिक्षात सुकऱ्या कसाबसा बोलला. "उद्यापासून मी शिकवतो तुला. चुकलास तरी ओरडणार नाय. देवीची आण!"

मनिष बाहेरच बघत राहिला.

"राहू दे, बा. आपल्यात कोण नाय वाजवत."